टायरमास्तर आणि त्यांची ताई

आम्ही त्या दुकानापाशी थांबलो ते फक्त हवा भरायला. काम पाच मिनिटांचं, आणि आम्ही तिथे पाच दिवस राहिलो.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. मी तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, हे जमीन मोजणी खात्यात. निवृत्त झाल्यावर ह्यांनी एका दंतवैद्याकडून जुनी घरगाडी घेतली. घरगाडी हा आमचाच शब्द. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि अंग चोरून उभं राहावं लागेल असं न्हाणीघर. दंतवैद्याने हौसेने घेतलेली आणि मग वर्षानुवर्षं अंगणात उभी ठेवलेली. धावली फारच कमी. ह्यांना नेमकं तेच आवडलं. "कोरी करकरीत आहे गं," असं मला दिवसातून चारदा सांगायचे. शेजारीपाजारी म्हणाले, म्हातारपणी ही कसली थेरं. म्हणू देत. आम्ही घराला कुलूप लावलं आणि निघालो.

मोठ्या रस्त्याला लागण्याआधी गावाबाहेर टायरचं दुकान दिसलं. पत्र्याची शेड, सावलीत उभी करून ठेवलेली टायरं, आणि दारालगतच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा. फळ्यावर खडूने गाड्यांचे नंबर आणि प्रत्येकापुढे चार-चार आकडे. त्या फळ्यामुळेच सगळे दुकानदाराला मास्तर म्हणायचे, हे नंतर कळलं. साठीचा सडपातळ माणूस, कोपरापर्यंत काळे हात, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"हवा भरायचीय," हे म्हणाले.

मास्तरांनी हवेच्या नळीकडे बघितलंसुद्धा नाही. ओलं फडकं घेऊन ते गाडीच्या डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, टायरचा बाजूचा गाल पुसला, चष्मा चढवला आणि वाचू लागले. मग दुसरं चाक. मग तिसरं. एका टायरवरचे आकडे आतल्या बाजूला होते, तर चक्क पाठीवर झोपून गाडीखाली शिरले.

"साहेब, ह्यांचं वय माहितीये तुम्हाला?"

"कुणाचं?"

"टायरांचं. हे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. अकरा वर्षं झाली. स्टेपनीला तर तेरा."

"असतील. पण नक्षी बघा की! गाडी धावलीच नाहीये."

"तेच तर दुखणं आहे. धावली असती तर झिजली असती आणि कुणीतरी बदलली असती. रबर चालून झिजतं, तसं नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन खातं, वाळतं, आतून तडकतं. नक्षीचं काय घेऊन बसलात? केसांना कलप लावला म्हणून गुडघे जिना चढतात का?"

मला हसूच आवरेना. ह्यांनी आदल्याच दिवशी कलप लावला होता, आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका. पण हे चिडले. चाळीस वर्षं लोकांना त्यांच्या जमिनीच्या हद्दी दाखवलेल्या माणसाला कुणी काही दाखवलेलं खपत नाही.

"तुम्हाला टायरं विकायचीत, कळलं मला. हवा भरा, नाहीतर पुढे दुकान आहेच."

"आहे ना. बावीस किलोमीटरवर." मास्तर फडकं पिळत शांतपणे म्हणाले. "तिथवर जाल. बहुतेक जाल."

हा 'बहुतेक' मला ओळखीचा होता. दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून तो आला की मी नातेवाइकांसाठी आधी खुर्ची आणायची, मग पाणी. मी दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, "अहो, आपल्याला कुठे गाडी गाठायचीय? ऐकून तरी घेऊ."

मास्तरांनी मला चाकापाशी बोलावलं आणि अंगठ्याने टायरचा गाल दाबला. दाबल्याबरोबर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या, आणि अंगठा काढला तशा मिटल्या. टाचेला असतात तशा. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, आत सामान किती आहे?"

"दोन माणसांचं असतं तेवढंच."

"तरी?"

हे मध्येच म्हणाले, "गाडीला झेपेल एवढं."

"म्हणजे वजन केलंय?"

 जन्मभर दुसऱ्यांचं बारीकसारीक मोजलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीचं वजन कधी केलेलं नव्हतं.

समोरच खडी-वाळूच्या वखारीत वजनकाटा होता. मास्तर स्वतः बरोबर आले, आणि वाटेत ह्यांनी त्यांना आपल्या मोजणी खात्याचं सांगून टाकलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची, आणि शेवटी गाडी कडेला घेऊन मागचं एकटं डावं चाक. पुढे सगळं ठीक होतं. मागच्या दोन चाकांवर मिळून एकवीसशे चाळीस किलो. ड्रायव्हरच्या दारापाशी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मागच्या बाजूची मर्यादा लिहिली होती, दोन हजार. आणि त्यातलं एकट्या डाव्या चाकावर अकराशे सत्तर.

"आता टायरवरचा हा आकडा वाचा," मास्तर म्हणाले. "एकशे नऊ. हा तुमच्या मोजणीसारखाच खुणेचा आकडा आहे. एकशे नऊ म्हणजे एक हजार तीस किलो, तेही टायर तरुण असताना आणि हवा पुरेपूर असताना. तुमच्या ह्या अकरा वर्षांच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर तुम्ही एकशे चाळीस किलो जास्तीचे दिलेत."

ह्यांनी काट्याचा कागद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, टायरं मागवा." मला त्या क्षणी ह्यांचा फार अभिमान वाटला. हट्टी माणसाने हट्ट सोडणं सोपं नसतं.

टायरं शहरातून यायला तीन दिवस लागणार होते. मास्तर म्हणाले, "शेडमागे जागा आहे, नळ आहे, तिथेच राहा. पण मोकळे बसू नका. सामान उतरवा."

सामान उतरवताना आमचं आम्हालाच नवल वाटलं. पलंगाखाली ह्यांची लोखंडी पेटी होती. जिथे जिथे मोजणीला गेले तिथला एकेक दगड ह्यांनी जपून ठेवलाय, त्या दगडांची. सत्तर किलो भरली. मी लगेच बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मास्तरांनी माझं शिवणाचं मशीन बाहेर काढलं. आईचं, जुनं, ओतीव लोखंडाचं. "हे कशाला लागतं प्रवासात?" त्यांनी विचारलं.  ह्यांनी फक्त भुवया उडवल्या. डाव्या अंगाला दोनशे लिटरची पाण्याची टाकी होती आणि आम्ही ती काठोकाठ भरून फिरत होतो. पाणी वाटेत मिळतं, निम्मी भरा, मास्तर म्हणाले. पाण्याचंही वजन असतं, हे काय मला माहीत नव्हतं? सलाईनच्या बाटल्यांची खोकी वाहिलीत मी. पण घरातलं पाणी आपण कधी वजनात धरत नाही.

त्याच दुपारी मला ताई भेटल्या.

ताई म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. दुकानाच्या मागच्या खोलीत दोघं राहायची. ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं हाताने शिवून द्यायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला खमक्या. खोलीतून त्या चहा घेऊन आल्या तेव्हा चालण्यावरूनच माझ्या लक्षात आलं, डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे आणि तो नीट बसत नाहीये.

"ताई, टोचतंय ना?" मी विचारलं.

"अगोबाई, तुम्हाला कसं कळलं? ह्याला चौदा वर्षांत कळलं नाही!"

"मला कळतं," मास्तर शेडमधून म्हणाले. "तूच सांगू देत नाहीस."

मी त्यांचा पाय सोडवून बघितला. कातडी एका जागी घासून लाल झाली होती. मी ती धुतली, मलम लावलं, मऊ गादी कशी घालायची ते दाखवलं. मला हाताला काम मिळालं आणि ताईंना बोलायला माणूस. मशीन त्यांना देऊन टाकायचं मी तिथेच ठरवलं. ते त्यांच्या खिडकीपाशी असं शोभलं, जसं काही तिथेच असायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मशीनवर पहिली शिवण घालता घालता मला सगळं सांगितलं.

मास्तर चौदा वर्षांपूर्वी टायर रिमोल्ड करायच्या कारखान्यात कामाला होते. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं काम. हाताला गुण होता, वीस वर्षं तिथेच होते. ताईंचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ह्या भावानेच बहिणीला आणि भाचीला सांभाळलं. भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिला पोचवायला ताई आणि आणखी सहा जण एका व्हॅनमधून निघणार होते. व्हॅनचं एक टायर गुळगुळीत झालेलं. मास्तरांनी कारखान्याच्या माळ्यावरून एक न वापरलेलं टायर आणलं. कधी चाकावर चढलंच नव्हतं, नव्या टायरवर रबराचे जे केस असतात तेही तसेच. बहिणीच्या प्रवासाला नवं टायर, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हाताने बसवलं. बारा वर्षं माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली पडलेलं होतं ते.

"रणरणतं ऊन, आठ माणसं, टपावर लेकीच्या संसाराचं सामान," ताई म्हणाल्या. "चार तास चाललो. मग फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि गाडी लवंडली. देवाची कृपा, सगळे वाचले. माझा हा पाय तेवढा दाराखाली आला."

"आणि मास्तर?"

"त्याने टायराला हात लावायचं सोडलं. नोकरी सोडली. माझ्या खाटेपाशी बसून रडायचा. मी आठ-दहा दिवस बघितलं, मग म्हटलं, अरे, तू रडलास म्हणून माझा पाय उगवणार आहे का? तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय ना? मग जा आणि लोकांना सांग. उगाच माझ्या उशाशी नाक ओढत बसू नकोस."

ताई हसत हसत दोरा दाताने तोडत होत्या. मी दवाखान्यात पुष्कळ माणसं बघितली. दुखऱ्या माणसाने दुखावणाऱ्याला उभं केलं, असं फार थोड्या वेळा बघितलं.

म्हणून ते दुकान आणि म्हणून तो फळा. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या टायरांची तारीख मास्तर फळ्यावर लिहीत. पाच वर्षं झाली की दरवर्षी खोलून तपासायचं, दहाव्या वर्षी नक्षी कितीही सुंदर असो, काढून टाकायचं. कुणी ऐकायचं, कुणी शिव्या घालून निघून जायचं.

"फक्त एक झालं," ताई आवाज खाली आणून म्हणाल्या. "मला तो कुठे नेत नाही. दवाखान्यापर्यंत, बास. लोकांना वाटतं ताई गाडीला घाबरते. मी कशाला घाबरू? घाबरतो तो. पुढे चाळीस किलोमीटरवर एवढं मोठं धरण झालंय, सगळं गाव बघून आलं. लेक दर महिन्याला मला भेटायला येते, मी तिचं घर अजून पाहिलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी टायरं आली. पाच. मास्तरांनी ती टेम्पोतून उतरवायच्या आधीच तारखा वाचायला घेतल्या. चार ह्याच वर्षातली होती. पाचवं चार वर्षांपूर्वीचं. "हे परत न्या," ते टेम्पोवाल्याला म्हणाले.

"मास्तर, नवंच आहे की! गोदामात होतं," टेम्पोवाला म्हणाला.

"माळ्यावरचं होतं तेही नवंच होतं," मास्तर म्हणाले. टेम्पोवाल्याला काही कळलं नाही. मला कळलं.

हे म्हणाले, "स्टेपनीलाच तर आहे, चालेल." पण मास्तरांनी ऐकलं नाही, आणि बदलीचं टायर यायला आणखी एक दिवस गेला. नवी टायरं जास्त वजनाची होती, एकशे सोळा नंबरची, म्हणजे साडेबाराशे किलोची. ह्यांना वाटलं, आता दगडांची पेटी परत ठेवता येईल. मास्तरांनी ह्यांना हाताला धरून दारापाशी नेलं आणि पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. "टायर पैलवान घातलं म्हणून गाडीची कंबर मजबूत होत नाही. मागे दोन हजार म्हणजे दोन हजार." पेटी भाड्याच्या टेम्पोने घरी गेली. हे टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभे होते.

चाकं चढवायचं काम बघण्यासारखं होतं. मास्तरांनी हवेचे वॉल्व्हसुद्धा नवे घातले. नट एकामागोमाग एक न आवळता समोरासमोरचे आवळले, आणि शेवटी जोर मोजणाऱ्या पान्याने प्रत्येक नट तपासला. पाना ठरल्या जोराला 'टक्' वाजायचा. हवा भरली ती टायर थंड असताना, आणि काट्याच्या कागदाशी ताडून.

जुनी टायरं त्यांनी कापून टाकली, पुन्हा कुणी कुठे बसवू नयेत म्हणून. डावं मागचं कापलं तेव्हा करवत थांबवून त्यांनी ह्यांना हाक मारली. आतल्या बाजूला तळहाताएवढा फुगा आला होता. रबराचे थर एकमेकांपासून सुटले होते, मधल्या तारा गंजलेल्या. बाहेरून नक्षी तशीच, नवीकोरी.

"किती चाललं असतं?" ह्यांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. शंभर किलोमीटर, हजार किलोमीटर. पण घरापर्यंत नाही."

त्या चाकाच्या बरोबर वर आमचा पलंग होता. हे गाडी चालवत असताना दुपारी मी तिथेच आडवी व्हायचे. हे खाली बसले, मास्तरांचा काळा हात दोन्ही हातांत धरला आणि तसेच बसून राहिले. मास्तर अवघडले. "अहो भाऊ, हात घाण होतील तुमचे," एवढंच म्हणाले. 'साहेब'चे 'भाऊ' झाले ते तेव्हा.

नवीन चाकं चढवल्यावर सत्तर-ऐंशी किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळावे लागतात. पाचव्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, "एक चक्कर मारून या इथे परत, मग मी मोकळं सोडतो तुम्हाला."

"धरणापर्यंत जाऊन आलं तर?" मी विचारलं. मी मुद्दामच विचारलं.

"बरोबर ऐंशी होतील."

ताई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी येते."

"ताई, तू कशाला? उगाच दगदग."

"टायरं कुणी बसवली?"

"मी."

"तू बसवलीस ना? मग मी बसते."

मास्तरांनी एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा चाकांकडे. मग आत गेले, पाना आणि हवा मोजायचं यंत्र घेऊन आले आणि ह्यांच्या शेजारी पुढे बसले. ताई मागे माझ्या शेजारी, खिडकीला.

पहिले वीस किलोमीटर मास्तरांनी पाठ टेकली नाही. मान तिरकी करून टायरांचा आवाज ऐकत होते. मध्येच म्हणाले, थांबवा. उतरले आणि हाताची मागची बाजू एकेका टायरला लावून बघितली, आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो तशी. टायर जास्त तापलं तर समजायचं, हवा कमी किंवा ओझं फार. चारही सारखी कोमट होती.

"आहे का रे ताप?" ताईंनी खिडकीतून विचारलं.

"नाही."

"मग बस गपचूप आणि बाहेर बघ. सगळा रस्ता तू टायरच बघणार आहेस का?"

धरण फार मोठं होतं. पाणी थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. काठाला पायऱ्या होत्या. ताई मला धरून खालपर्यंत गेल्या, पायरीवर बसून त्यांनी कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला आणि उजवा पाय पाण्यात सोडला.   मास्तर चार पायऱ्या वर उभे होते. मग ताईंनी मागे न बघताच शेजारच्या पायरीवर हात आपटला, ये म्हणून. ते येऊन बसले. मी आणि हे जरा लांब गेलो.

परतताना मी मागून पुढे बघितलं, तर मास्तर झोपले होते. मान खिडकीला, तोंड किंचित उघडं. ह्यांनी मला आरशातून खूण केली, आवाज करू नकोस. ताईंनी पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "गाडीत झोपलेला मी ह्याला चौदा वर्षांत पहिल्यांदा बघतेय."

दुकानात पोचल्यावर मास्तरांनी नट तपासले. दोन नट किंचित हलले, बाकी जागच्या जागी. फळ्यावर आमच्या गाडीचा नंबर लिहिला, पुढे चार आकडे.

ह्याला आता तीन वर्षं होतील. आम्ही किती घाट चढलो उतरलो त्याचा हिशेब नाही. निघण्याआधी हे न विसरता थंड टायरांची हवा बघतात आणि टाकी निम्मीच भरतात. नवा दगड उचलला की जुना एक घरी ठेवायचा, असा आमचा करार आहे. वर्षातून एकदा आम्ही वाट वाकडी करून त्या दुकानावर जातो. गेल्या खेपेला गेलो तेव्हा दुकान बंद. समोरच्या काट्यावाल्याने सांगितलं, बहीणभाऊ भाचीकडे गेलेत, चार दिवसांनी येतील.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आम्ही शेडमागच्या आमच्या जागेवर गाडी लावली, चहा केला आणि त्यांची वाट बघत बसलो.